चाळीस मोबाईल, एक राऊटर: नेटवर्क कोडिंगने फाईल कशी वाटायची

बीड, लातूर, धाराशिवकडच्या गावांत अभ्यासिका वाढल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. पोलीस भरती, तलाठी, नीट, एमपीएससी, सगळ्या परीक्षांची पोरं-पोरी दिवसभर तिथं बसलेली असतात. अडचण आहे ती रेंजची. मग कुणीतरी लातूरहून किंवा संभाजीनगरहून येताना व्हिडिओ, प्रश्नसंच डाऊनलोड करून आणतं आणि वाटप सुरू होतं: या मोबाईलवरून त्या मोबाईलवर, तिथून तिसऱ्यावर. मागच्या रांगेपर्यंत फाईल पोचायला अर्धा दिवस जातो.

हे काम एका झटक्यात करायची पद्धत आहे, नेटवर्क कोडिंग. रुडॉल्फ आल्स्वेडे, निंग काय, रॉबर्ट ली आणि रेमंड येउंग या चौघांनी 2000 साली एका शोधनिबंधात तिचा पाया घातला. मधल्या ठिकाणानं आलेलं पॅकेट, म्हणजे फाईलचा एक छोटा तुकडा, जसंच्या तसं पुढं ढकलण्याऐवजी दोन-चार पॅकेट मिसळून पाठवली, तर एकाकडून अनेकांना माहिती देताना जाळ्याची पूर्ण ताकद वापरता येते, हे त्यांनी सिद्ध केलं. पुढं ट्रेसी हो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मिसळण्याचं प्रमाण कुठल्याही योजनेशिवाय, यादृच्छिक निवडलं तरी काम होतं. त्यामुळं ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. थोडंफार पायथन येत असेल, दोन लॅपटॉप आणि एक राऊटर जवळ असेल, तर खालचं बहुतेक सगळं जमतं.

आधी हिशेब

समजा 20 एमबीची फाईल 40 मोबाईलना द्यायची आहे. प्रत्येकाला स्वतंत्र पाठवली तर हवेतून 800 एमबी जातात. सगळे मोबाईल एकाच राऊटरवर, म्हणजे एकाच हवेवर आहेत. एकाचं चालू असताना बाकीचे थांबतात.

मग एकदाच ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम, का करू नये? वायफायमध्ये एकाला पाठवलेल्या पॅकेटची पोच येते, पोच आली नाही तर राऊटर ते पुन्हा पाठवतो. ब्रॉडकास्टला पोच नसते. हुकलं ते हुकलं. दर मोबाईलची 10 टक्के पॅकेट गळतात असं धरा. एखादं पॅकेट चाळीसच्या चाळीस मोबाईलना मिळण्याची शक्यता 0.9 चा चाळिसावा घात, म्हणजे जेमतेम दीड टक्का. याचा अर्थ जवळजवळ प्रत्येक पॅकेट कुणाचं ना कुणाचं हुकलेलं असतं आणि पहिल्या फेरीनंतर अख्खी फाईलच पुन्हा पाठवायची वेळ येते. सगळ्यांना सगळं मिळेपर्यंत एकेक पॅकेट सरासरी 2.4 वेळा पाठवावं लागतं.

कोडिंगची खरी कमाल इथं आहे. दोन पॅकेट घ्या, क आणि ख. पहिल्या मोबाईलचं क हुकलं, दुसऱ्याचं ख हुकलं. साध्या पद्धतीत दोन्ही पुन्हा पाठवावी लागतील. त्याऐवजी दोघांचं एक्सॉर करून (समोरासमोरचे बिट सारखे असतील तर 0, वेगळे असतील तर 1) एकच पॅकेट पाठवा. क म्हणजे 10110010 आणि ख म्हणजे 01100111 असेल, तर मिश्रण 11010101. ज्याच्याकडे क आहे त्यानं मिश्रणाशी क चं एक्सॉर केलं की 01100111, म्हणजे ख हातात येतं. दुसऱ्याला तसंच क मिळतं. एका पॅकेटनं दोघांची दोन वेगवेगळी गळती भरली. स्वतः कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर पुढचं काहीही अवघड वाटत नाही.

हेच 64 पॅकेटवर केलं की कुणाचं कोणतं पॅकेट हुकलं हा प्रश्नच उरत नाही, किती हुकली एवढंच विचारावं लागतं. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतली समीकरणं सोडवतो ना, तेच इथं 64 चलांवर. कोणतीही 64 स्वतंत्र समीकरणं मिळाली की उत्तर निघतं. 10 टक्के गळतीत 64 ऐवजी साधारण 80 मिश्रणं पाठवली, तर बहुतेक वेळा चाळीसही जणांचं भागतं. साध्या पद्धतीनं त्याच कामाला दीडशेच्या आसपास पॅकेट लागतात.

आता एक सावधगिरी, आणि ती वगळून पुढं जाऊ नका. ब्रॉडकास्ट पॅकेट राऊटर आपल्या सगळ्यांत हळू बेसिक दरानं पाठवतो. 2.4 गिगाहर्ट्झवर हा दर बऱ्याच ठिकाणी 1 एमबीपीएस असतो, 5 गिगाहर्ट्झवर किमान 6. एकाला पाठवताना मात्र तोच राऊटर कितीतरी पट वेगानं पाठवतो. 1 एमबीपीएसनं 20 एमबीची फाईल कोडिंगच्या जादा पॅकेटसकट पाठवायला चार मिनिटांहून जास्त लागतात. तीच फाईल चाळीस जणांना वेगवेगळी, प्रत्यक्षात 30 एमबीपीएस वेगानं दिली तर साडेतीन-चार मिनिटं. म्हणजे फायदा शून्य! पण दर 6 वर नेला की कोडिंगचं काम मिनिटाच्या आत उरकतं, आणि मोबाईल 40 चे 100 झाले तरी तेवढ्यातच उरकतं. म्हणून आधी दर सुधारायचा, मग कोड लिहायचा. पाच-सात जण असतील तर या वाटेला जाऊच नका, नेहमीचं शेअरिंग ॲप पुरेसं आहे.

पायरी 1: राऊटर नीट लावा

5 गिगाहर्ट्झ चालणारा राऊटर असेल तर तोच पट्टा निवडा. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरवर टाकायची मोफत प्रणाली) टाकलेल्या राऊटरवर बेसिक रेटची यादी आपल्याला ठरवता येते, त्यातून जुने 1 आणि 2 एमबीपीएसचे दर काढून टाका. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हा दर सहसा बदलता येत नाही, म्हणून हॉटस्पॉट फक्त चाचणीपुरता ठेवा. राऊटरच्या सेटिंगमध्ये क्लायंट आयसोलेशन किंवा एपी आयसोलेशन चालू असेल तर बंद करा, नाहीतर एका लॅपटॉपचं ब्रॉडकास्ट दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो. पाठवणारा लॅपटॉप राऊटरला केबलनं जोडा. वायफायवरून जोडला तर तेच पॅकेट हवेतून दोनदा जातं.

पायरी 2: गळती मोजा

अंदाजावर जाऊ नका. क्रमांक घातलेली 1000 यूडीपी पॅकेट (पोचेची वाट न बघता पाठवायची पद्धत) ब्रॉडकास्ट करा आणि खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत किती पोचली ते मोजा. आपल्याकडच्या इमारतींत फरक फार पडतो. माळवदाच्या घराच्या जाड दगड-मातीच्या भिंती सिग्नल खातात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये राऊटर पत्र्याच्या एका बाजूला आणि पोरं दुसऱ्या बाजूला असतील तर गळती कुठल्या कुठं जाते. राऊटर खोलीच्या मध्यावर, डोक्याच्या वर टांगा. नुसती जागा बदलून गळती निम्म्यावर आली तर ते कुठल्याही गणितापेक्षा स्वस्त पडतं.

एक गोष्ट इथंच टिपून ठेवा: पॅकेट एकेकटी गळतात की सलग पाच-दहा? सलग गळत असतील तर पायरी 5 मध्ये त्याचा उपाय आहे.

पायरी 3: फाईल कापा

प्रत्येक तुकडा 1024 बाइटचा, आणि असे 64 तुकडे मिळून एक गट. म्हणजे गट 64 केबीचा आणि 20 एमबीच्या फाईलचे 320 गट. मिसळायचं ते फक्त गटाच्या आत. अख्खी फाईल एकत्र मिसळायचा मोह होतो, पण गट दुप्पट केला की दर पॅकेटमागं सोडवायचं गणितही दुप्पट होतं, आणि साध्या मोबाईलला ते झेपत नाही. नवख्या माणसानं 64 वर सुरुवात करावी, मोबाईल फारच जुने असतील तर 32.

शेवटच्या गटात तुकडे कमी पडले तर शून्यं भरा आणि फाईलची खरी लांबी सोबत पाठवा. लांबी पाठवली नाही तर फाईलच्या शेवटी फालतू शून्यं उरतात.

सरावासाठी बालभारतीच्या संकेतस्थळावरचं पाठ्यपुस्तकाचं पीडीएफ घ्या. मोफत आहे, आणि अभ्यासिकेत कामालाही येतं.

पायरी 4: गणिताचे तक्ते बनवा

मिसळताना प्रत्येक तुकड्याला ज्या आकड्यानं गुणतात तो त्याचा गुणक. नुसत्या एक्सॉरवर, म्हणजे 0 आणि 1 या दोनच गुणकांवर भागवलं तर 64 यादृच्छिक मिश्रणं मिळूनही उत्तर निघण्याची शक्यता फक्त 29 टक्के असते, कारण काही मिश्रणं एकमेकांतूनच बनलेली निघतात. गुणक 0 ते 255 मधले घेतले तर हीच शक्यता 99.6 टक्के होते. म्हणून बाइटवरचं गणित वापरायचं, ज्याला गॅल्वा फील्ड 256 म्हणतात. त्यात बेरीज आणि वजाबाकी दोन्ही म्हणजे एक्सॉर. गुणाकार मात्र वेगळा असतो, आणि उत्तर नेहमी एका बाइटमध्येच मावतं.

गुणाकारासाठी 256 गुणिले 256 चा तक्ता एकदाच तयार करून ठेवा. तो 64 केबीचा होतो, कुठल्याही मोबाईलवर मावतो. एईएस या कूटलेखन पद्धतीत जी बहुपदी वापरतात, आकड्यात लिहिली तर 283, तीच घ्या. तक्ता बरोबर झाला का हे तपासायला एक पक्की खूण आहे: 87 गुणिले 131 चं उत्तर 193 आलं पाहिजे. नाही आलं तर पुढं जाऊ नका. गुणाकारात एका ठिकाणी जरी घोळ असला तरी फाईल सगळी खराब निघते आणि चूक कुठं आहे ते काही केल्या सापडत नाही. प्रत्येक संख्येचा व्यस्तही काढून ठेवा, भागाकाराला लागतो. शून्याला व्यस्त नसतो.

पायरी 5: पाठवणारा लिहा

एका पॅकेटमध्ये हे एवढंच असतं: फाईलचा क्रमांक, गटाचा क्रमांक, 64 गुणक, आणि 1024 बाइटचं मिश्रण. गुणकांचा बोजा सुमारे सहा टक्के. सगळं मिळून 1100 च्या आसपास बाइट होतात. इथरनेटवर एका यूडीपी पॅकेटमध्ये 1472 बाइट मावतात, त्यामुळं पॅकेट फुटत नाही. ही मर्यादा ओलांडू नका. फुटलेल्या पॅकेटचा एक तुकडा गळला तरी सगळं पॅकेट जातं.

मिश्रण बनवायचं असं: 64 यादृच्छिक गुणक निवडा, प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक बाइटला त्याच्या गुणकानं गुणा, आणि सगळ्यांचं एक्सॉर करा. पायथनमध्ये साध्या लूपनं हे फार रेंगाळतं. नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) वापरा आणि तक्त्यातली ओळ एकदम लावा.

पण आधी गटातले 64 तुकडे न मिसळता, जसेच्या तसे पाठवा. प्रत्येकाच्या गुणकांत एकच 1 आणि बाकी शून्यं. नंतर 16 मिश्रणं. यामुळं राऊटरजवळ बसलेल्यांना, ज्यांची एक-दोनच पॅकेट गळलीत, फारसं गणित करावं लागत नाही आणि त्यांची बॅटरी वाचते. ही सोय सगळेजण करत नाहीत. मी मात्र आग्रहानं सांगेन, कारण अभ्यासिकेत चार्जिंगचा बोर्ड एकच असतो.

गळती सलग होत असेल तर आठ-आठ गट एकत्र घेऊन पाळीपाळीनं पाठवा: पहिल्या गटाचं एक, दुसऱ्याचं एक, असं आठव्यापर्यंत, मग पुन्हा पहिल्याचं. सलग आठ पॅकेट बुडाली तरी प्रत्येक गटाचं एकेकच जातं.

दोन पॅकेटांमध्ये थोडा वेळ सोडा. 6 एमबीपीएसवर दोन मिलिसेकंद, 1 एमबीपीएसवर दहा. लॅपटॉप ढकलत सुटला तर राऊटरचा बफर भरतो आणि पॅकेट हवेत जायच्या आधीच फेकली जातात.

पायरी 6: घेणारा लिहा

पॅकेट आलं की त्याचे गुणक एका ओळीत मांडायचे. आधीच्या ओळी वापरून त्यातले जेवढे गुणक शून्य करता येतील तेवढे करायचे, आणि जी क्रिया गुणकांवर केली तीच 1024 बाइटवरही करायची. सगळेच गुणक शून्य झाले तर या पॅकेटमध्ये नवीन काही नव्हतं, ते सोडून द्या. काही उरलं तर उरलेला पहिला गुणक 1 होईल असा भागाकार करून ओळ साठवा. 64 ओळी झाल्या की खालून वर येत उरलेले गुणक काढा, मूळ तुकडे समोर असतात. यालाच गाउसचं निरसन म्हणतात.

हे गणित पॅकेट येईल तसतसं करत जा. गट पूर्ण होईपर्यंत थांबलात तर शेवटी मोबाईल अडकल्यासारखा होतो.

पडद्यावर प्रत्येक गटाच्या किती ओळी झाल्या ते दाखवा, 61, 62, 63. चाचणी करताना या आकड्याइतकी मदत दुसऱ्या कशाचीच होत नाही. एकाच लॅपटॉपवर सराव करायचा असेल तर घेणाऱ्याच्या कोडमध्ये दर दहातलं साधारण एक पॅकेट मुद्दाम टाकून द्या. लिनक्सवर नेटेम नावाची सोयही आहे, ती नेटवर्कवरच हवी तेवढी गळती घडवून आणते.

मोबाईलसाठी ॲप लिहाल तेव्हा अँड्रॉइडचं एक वळण माहीत हवं. बॅटरी वाचवायला अँड्रॉइड आपल्या एकट्याच्या पत्त्यावर न आलेली पॅकेट गाळतो. ॲपनं मल्टिकास्ट लॉक घेतला की ती मिळू लागतात. काम संपताच लॉक सोडून द्या. साध्या वेबपेजमधून हे होत नाही, ब्राऊझर कच्चं यूडीपी ऐकू देत नाही.

पायरी 7: कमी पडलं ते मागा

आठ गटांची फेरी झाली की प्रत्येक मोबाईलनं पाठवणाऱ्याला एवढंच कळवायचं: गट 17, तीन कमी. कोणती तीन, ते सांगायचं नाही, सांगायची गरजच नाही. सगळ्या उत्तरांतला सगळ्यांत मोठा आकडा घ्या आणि तेवढीच नवी मिश्रणं पाठवा. एकाला तीन हवीत, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला एक, तर पाच पाठवली की तिघांचंही भागतं. बेरीज करून नऊ पाठवू नका. चाळीस जण एकाच क्षणी उत्तर देऊ लागले तर गर्दी होते, म्हणून प्रत्येकानं अर्ध्या सेकंदाच्या आत यादृच्छिक वेळ थांबून उत्तर द्यावं.

एखादा मोबाईल सारखाच दहा-बारा कमी सांगत असेल तर सगळ्यांना त्याच्यासाठी थांबवू नका. बाकीच्यांचं पूर्ण करा आणि त्याला उरलेलं नंतर एकट्याला द्या.

पायरी 8: खातरजमा

या पद्धतीचा एक खरा दोष आहे. एक चुकीचं पॅकेट गटात शिरलं की निरसन करताना ते सगळ्या ओळींत मिसळतं आणि चौसष्टच्या चौसष्ट तुकडे बिघडतात. हवेतल्या साध्या चुका वायफाय आणि यूडीपीची तपासणी पकडते. पण कोडमधली चूक किंवा कुणाचा खोडसाळपणा त्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक गटाचा एसएचए-256 ठसा (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो) आधीच काढून ठेवा. एक ठसा 32 बाइटचा, 320 गटांचे मिळून 10 केबी. ही यादी वाटप सुरू होण्याआधी प्रत्येक मोबाईलला नेहमीच्या टीसीपी (पोच घेऊन पाठवणाऱ्या) जोडणीवरून द्या. गट सुटला की ठसा जुळवा, जुळला नाही तर तो गट टाकून पुन्हा मागा.

पायरी 9: दुसऱ्या टोकापर्यंत न्या

बालाघाटच्या डोंगरातल्या गावांची रचना ठाऊक असेलच. गाव एका उतारावर, वस्ती किंवा तांडा दुसऱ्या उतारावर, मध्ये उंचवटा. बऱ्याच गावांत जुनी गढी सगळ्यांत उंच जागी असते. शाळेतल्या राऊटरचं वस्तीवर पोचत नाही, पण गढीवर एक जुना लॅपटॉप आणि राऊटर ठेवला तर दोन्हीकडं दिसतो. तोच आपला मधला टप्पा.

शाळा ते गढी 20 टक्के गळती, गढी ते वस्ती 20 टक्के. शाळेनं 100 मिश्रणं पाठवली, गढीवर 80 आली. गढीनं ती तशीच पुढं पाठवली तर वस्तीवर 64 पोचतात. गढीनं हातात असलेल्या 80 मधून स्वतःची नवी 100 मिश्रणं बनवून पाठवली तर वस्तीवर 80 पोचतात. फाउंटन कोड नावाच्या पद्धतीही गळती छान भरतात, पण मधल्या टप्प्यावर असं पुन्हा मिसळणं त्यांच्यात नीट बसत नाही. डोंगरी गावासाठी नेटवर्क कोडिंग निवडायचं ते याच कारणानं.

पुन्हा मिसळायला गढीवर गट सोडवावा लागत नाही, पूर्ण मिळेपर्यंत थांबावंही लागत नाही. दहा ओळी आल्या असतील तर त्या दहांतून मिश्रण बनवा. प्रत्येक ओळीला नवा यादृच्छिक गुणक, आणि तोच गुणक त्या ओळीच्या 64 गुणकांनाही आणि 1024 बाइटनाही लावायचा. नवखे लोक गुणकांना लावायचं विसरतात. मग पॅकेट एक सांगतं आणि आत दुसरंच असतं.

दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण असेल, शाळेची फाईल वस्तीकडं आणि वस्तीची शाळेकडं, तर गढीला साधं एक्सॉरही पुरतं. दोन पॅकेट अदलाबदल करायला एरवी चार वेळा पाठवावं लागतं. गढीनं दोघांचं एक्सॉर एकदाच ब्रॉडकास्ट केलं की तीन वेळांत भागतं, कारण प्रत्येकाकडं स्वतःचं पॅकेट आहेच. दीना कताबी, सचिन कट्टी, म्युरिएल मेदार आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये कोप या नावानं हीच गोष्ट 20 वायफाय यंत्रांच्या जाळ्यावर करून दाखवली.

गढीवरच्या विजेचा बंदोबस्त आधी करा. बरेच राऊटर 12 व्होल्टवर चालतात. अडॅप्टरवर तेच लिहिलंय आणि अँपिअर जुळतात याची खात्री करून सोलरच्या बॅटरीवर ते लावता येतात. एप्रिल-मे मध्ये उन्हात पेटी तापते, तेव्हा सावली धरून ठेवा आणि पेटीला खालून हवा जाऊ द्या. दोन्ही राऊटरना वेगवेगळे चॅनेल द्या, नाहीतर शाळेचं आणि गढीचं एकमेकांवर आदळतं. वरच्या एक्सॉरच्या अदलाबदलीत मात्र शाळा आणि वस्ती दोघींनी गढीच्याच राऊटरवर असायला हवं. वस्तीवर पहिली चाचणी एकाच गटाची घ्या, 64 केबीची. वस्तीवरच्या पडद्यावर ओळींचा आकडा 64 ला पोचला आणि ठसा जुळला की मगच अख्खं पुस्तक सोडा.